गाडी खडखडते तेव्हा

नवी गाडी फारशी बोलत नाही. पाच-सहा वर्षे झाली, काही हजार खड्डे पचवून झाले, की ती बोलू लागते. खड्डा आला की 'खट', गतिरोधकावर 'धप्प', वळण घेताना 'कर्र'. घरातील माणसे सुरुवातीला गाण्याचा आवाज मोठा करतात. नंतर सवय होते आणि तो आवाज ऐकूच येईनासा होतो. आवाज मात्र थांबलेला नसतो.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी अजून गाडी चालवायची नाही. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि परवाना लागतो. पण गाडी चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. शेजारी किंवा मागे बसणाऱ्याचे कान मोकळे असतात. म्हणून आवाजाचा माग काढण्याचे काम तुम्ही त्याच्यापेक्षा चांगले करू शकता. ते कसे करावे, अंगणात उभ्या गाडीची कोणती तपासणी करता येते आणि कोणत्या कामाला घरी मुळीच हात लावू नये, हे या पाठात पाहू.

साध्या बैलगाडीत बसले की चाकाचा प्रत्येक धक्का थेट पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. कारण चाक आणि बैठक यांच्यामध्ये लवचीक असे काही नसते. टांग्याला पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असते. तिला आपण पाटे म्हणतो. हेच पाटे पुढे मोटारींना आले. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली बस पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. (आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, बोलताना मात्र आपण अजून 'नगर'च म्हणतो.) एस. टी.च्या लाल गाड्या वर्षानुवर्षे पाट्यांवरच डोलत धावल्या. नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. तेथे रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी ठेवलेली आहे. सहलीला गेलात तर रणगाड्यांच्या तोफांबरोबर तिच्या चाकांजवळचे पाटेही नजरेखाली घाला.

आजच्या लहान गाड्यांना पुढच्या बाजूला पाटे नसतात. तेथे वेटोळ्यांची स्प्रिंग असते आणि तिच्या मधोमध नळीसारखा शॉकअप बसवलेला असतो. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात आखली. १९५०च्या सुमारास ती फोर्ड कंपनीच्या गाड्यांमध्ये आली. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने ती घरोघरी पोहोचवली.

स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामे वेगळी आहेत. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. आठशे किलोंच्या लहान गाडीत पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर दोनशे किलोंहून अधिक भार असतो. पण नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ खालीवर उसळत राहिली असती. ती उसळी शॉकअप थांबवतो. त्याच्या आत तेल असते. ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना उसळीचा जोर संपतो.

चाक जागेवर धरून ठेवण्यासाठी खालून एक मजबूत लोखंडी हात येतो. त्याला मिस्त्री लोक 'लोअर आर्म' म्हणतात. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. तेथे रबराचे जाड बुश असतात. दुसरे टोक चाकाकडे असते. तेथे बॉल जॉइंट असतो. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही उखळीचा सांधा शिकला आहात. आपल्या खुब्यात हाडाचा गोल भाग वाटीसारख्या खोबणीत फिरतो. बॉल जॉइंट अगदी तसाच असतो. पोलादी गोळा, पोलादी वाटी, आत ग्रीस आणि वरून रबराची टोपी. हाडांच्या मध्ये जशी मऊ कूर्चा असते, तसे गाडीत रबराचे बुश असतात. कूर्चा झिजली की गुडघे करकरतात. बुश झिजला की गाडी.

आणखी एक भाग लक्षात ठेवा, कारण त्याची गोष्ट पुढे येणार आहे. पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारा एक वाकवलेला गज असतो. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी एका बाजूला फार कलू नये म्हणून तो असतो. बऱ्याच गाड्यांत हा गज दोन्ही बाजूंना वीतभर लांबीच्या लिंक रॉडने शॉकअपशी जोडलेला असतो. लिंक रॉडच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात.

आता आवाज का येतो ते पाहू. दोन घट्ट बसलेल्या वस्तू एकत्र हलतात तेव्हा आवाज होत नाही. त्यांच्यामध्ये एखाद्या मिलिमीटरची फट पडली की एक वस्तू दुसरीवर आपटते. प्रत्येक आपटण्याबरोबर फट थोडी वाढते. म्हणून असा आवाज आपोआप बरा होत नाही. नगरजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. वाहनांची कसोटी पाहण्यासाठी तेथे खास चाचणी-मार्ग आहेत. जोड किती पक्का आहे हे शेवटी धक्के खाल्ल्यावरच कळते. आपल्याकडचे काही रस्ते ही परीक्षा फुकट घेतात, एवढाच फरक. जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वरचा डांबरी रस्ताही तिच्याबरोबर खालीवर होतो. ऊसतोडीच्या दिवसांत त्यावरून भरलेल्या ट्रॉल्या जातात आणि कडा तुटतात. अशा रस्त्यावर एक चाक वर आणि दुसरे खाली, असे सतत चालू असते. सांध्यांची झीज येथेच होते.

मिस्त्रीकडे गेल्यावर आपण म्हणतो, "पुढून आवाज येतो." एवढ्याने त्याला काही कळत नाही. मराठीत आवाजांसाठी भरपूर शब्द आहेत. त्यांपैकी काही तुमच्या उर्दूतही आहेत. ते नीट वापरायला शिका. सुटा भाग आपटला की खडखड किंवा खटखट होते. कोरडे रबर घासले की करकर किंवा कुरकुर होते. चाकाचे बेअरिंग खराब झाले की घरघर ऐकू येते आणि वेगाबरोबर ती वाढत जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना टकटक झाली, तर बहुधा एक्सलचा जॉइंट झिजलेला असतो. त्या वेळी शॉकअपला दोष देऊ नये. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले आणि 'टण्' असा आवाज आला, तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे पाहावे. तेथील बेअरिंग अडकले की स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते.

आवाज कसा आहे याहूनही तो कधी येतो, हे जास्त महत्त्वाचे आहे. एक छोटी वही घ्या आणि आठवडाभर नोंदी करा. गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर? दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा की एकच चाक खड्ड्यात जाते तेव्हा? ब्रेक हलकेच दाबला तर थांबतो का? थांबत असेल तर ब्रेकचे पॅड सैल बसलेले असण्याची शक्यता मोठी आहे. पाऊस पडल्यावर नाहीसा होतो आणि ऊन पडले की परत येतो का? मग बुशचे रबर कोरडे पडले असावे. बाटलीतून त्यावर थोडे पाणी शिंपडले की खात्री करता येते. पण या सगळ्याच्या आधी डिकी रिकामी करा. सैल ठेवलेला जॅक, पाना आणि आसनाखाली घरंगळणारी बाटली यांनी अनेक शहाण्या माणसांना फसवले आहे.

आमच्या मोहल्ल्यातील एका चाचांची गोष्ट सांगतो. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावे लागे. गाडी दहा वर्षांची होती. पुढून डाव्या बाजूने खडखड येऊ लागली. एका गॅरेजमध्ये त्यांना दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. चाचांनी उधार-उसनवार करून ते बदलले. दुसऱ्याच दिवशी खडखड पुन्हा सुरू झाली.

त्यांची नववीतील मुलगी रोज त्याच गाडीतून शाळेत येई. तिने वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या. शाळेसमोरच्या गतिरोधकावर आवाज येत नाही. गल्लीच्या तोंडाशी डावे चाक गटाराच्या झाकणावरून जाते, तेथे रोज येतो.

या दोन ओळींमध्ये उत्तर होते. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर जातात. तेव्हा स्टॅबिलायझरचा गज पिळला जात नाही, तो नुसता फिरतो. त्यामुळे लिंक रॉडवर जवळजवळ जोरच येत नाही. एकच चाक उचलले गेले की गज पिळतो आणि लिंक रॉडला झटका बसतो. शॉकअप बिघडला असता तर तो गतिरोधकावरही बोलला असता. तो तेथे गप्प होता. नवा मिस्त्री आला, त्याने गाडी सपाट जागेवर उभी केली, चाकामागे हात घालून लिंक रॉड हलवला, आणि 'खट' असा तोच आवाज आला. येथे एक बारकावा आहे. ही तपासणी दोन्ही चाके जमिनीवर असताना करावी. एकच चाक उचलले तर लिंक रॉड ताणला जातो आणि त्यातील ढिलाई लपून राहते.

मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही, आणि हेच महत्त्वाचे ठरले. त्याने चाक उचलून ते वरून आणि खालून धरून हलवले. चाक किंचित डुलले. त्याने चाचांना ब्रेक दाबून धरायला सांगितले. बेअरिंग सैल असते तर ब्रेक दाबल्यावर डुलणे थांबले असते. ते थांबले नाही. म्हणजे दोष बॉल जॉइंटमध्ये होता. त्याची रबरी टोपी फाटलेली होती. आत धूळ आणि चिखल जाऊन ग्रीसची जणू वाळू झाली होती. असा गोळा वाटीतून निसटला तर चाक आडवे पडते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. त्या दिवशी गाडी दारातून हलली नाही. चाचांच्या आईला रिक्षाने स्टँडवर आणि तेथून एस. टी.ने नगरला नेले.

आवाज लिंक रॉडचा होता आणि खरा धोका बॉल जॉइंटचा. म्हणून एक दोष सापडला की तपासणी संपली, असे समजू नये.

आवाजाची जागा शोधताना कानावर फार विश्वास ठेवू नका. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादातून तो सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो. त्यामुळे डाव्या चाकाजवळचा खटका सांगाड्यातून पसरतो आणि समोरच्या डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. हात मात्र सहसा फसत नाही. फ्रान्समधील डॉक्टर लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप निघाला. हकीम नाडीवर बोटे ठेवतात. मिस्त्रीही तेच करतो. एक जण बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी खालीवर हलवतो आणि दुसरा एकेका जोडावर हात ठेवतो. जो जोड सैल असतो, त्याचा ठोका बोटांना जाणवतो. या कामाला दोन माणसे लागतातच. येथे तुमची खरी मदत होते. त्या वेळी इंजिन बंद असावे. ओढणी, सदऱ्याच्या बाह्या आणि बोटे स्प्रिंगच्या वेटोळ्यांपासून दूर ठेवा.

शॉकअपची एक सोपी परीक्षा आहे. बॉनेटचा कोपरा जोराने खाली दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळा झुलत राहिली तर शॉकअप थकला आहे. त्याच्या नळीवर तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

चाक उचलायचे असेल तर ते काम मोठ्या माणसानेच करावे आणि घाई करू नये. जमीन सपाट व टणक हवी. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. मागच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. मातीच्या अंगणात जॅक रुततो, म्हणून त्याच्याखाली जाड फळी ठेवावी. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. माणसाचा जीव त्याच्या भरवशावर ठेवायचा नसतो. गाडीला लोखंडी स्टँडचा आधार द्यावा. शिवाय काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवावे. विटांचा आधार कधीही देऊ नये. वीट भाराखाली एकदम फुटते, आधी इशारा देत नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके किंवा हात घालायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही.

उचललेले चाक वर-खाली धरून हलवण्याची रीत वर सांगितली आहे. तेच चाक डावी-उजवीकडून धरून हलवले आणि ढिले वाटले, तर स्टिअरिंगच्या टायरॉडचे टोक झिजलेले असते.

आता दुरुस्ती. हाताला पान्याची सवय असलेला माणूस लिंक रॉड घरी बदलू शकतो. त्याला दोनच नट असतात. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड एकदम बदलावेत. काम करताना पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवावी, म्हणजे गजावर ताण राहत नाही. स्टॅबिलायझरचे रबरी बुशही घरी बदलता येतात. कोरड्या रबरासाठी सिलिकॉनचा फवारा वापरावा. आपल्याकडे पुष्कळ लोक डिझेल किंवा जळके ऑइल मारतात. त्याने करकर चार दिवस थांबते, पण खनिज तेलाने रबर फुगते आणि सडते. हा उपाय मला तरी रोगापेक्षा वाईट वाटतो.

लोअर आर्मचे बुश बसवताना एक गोष्ट बरेच जण विसरतात. चाक लोंबकळत असताना त्यांचे बोल्ट शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडी जमिनीवर आली की आर्म वर उचलला जातो आणि आतले रबर कायमचे पिळलेले राहते. असा नवा बुश काही महिन्यांतच फाटतो. बोल्ट आधी हलके लावावेत, गाडीचा भार चाकांवर येऊ द्यावा आणि मग ते पक्के आवळावेत.

शॉकअपवरील स्प्रिंग मात्र घरी कधीही सोडवू नये. ती दाबून बसवलेली असते. वरचा नट काढताच ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. गॅरेजमध्ये ती दाबून धरण्याचे खास साधन असते. बॉल जॉइंट आणि टायरॉडचे टोक हीदेखील जाणकार मिस्त्रीची कामे आहेत. ते बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे लागते, नाहीतर नवे टायर एका कडेने खरवडले जातात. बॉल जॉइंटमध्ये ढिलाई आहे असे कळले तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. मिस्त्रीला घरी बोलवावे.

काम झाल्यावर ज्या जागी आवाज येत होता, त्याच जागेवरून गाडी सावकाश नेऊन पाहावी. दुसऱ्या रस्त्यावर शांत चालली म्हणून समाधान मानू नये. वहीत त्या दिवसाची तारीख आणि बदललेल्या भागाचे नाव लिहावे. मग शंभरेक किलोमीटर झाले की पाना घेऊन त्या जोडाचे आणि चाकाचे सगळे नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.